‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणण्याआधी जरा थांबा



मोठी एक्स्टर्नल हार्ड डिस्क फॉरमॅट कशी करायची ते व्हिडिओत दाखवून झालं. काम सोपं आहे, कोणालाही जमतं. आज लिहायचंय ते फॉरमॅट केव्हा करायचं नाही याबद्दल. त्यातलं काही आपल्याच धंद्यातल्या दुकानदार भावांना थोडं झोंबेल, पण बोललं पाहिजे.

दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हे: "भाऊ, डिस्क फॉरमॅट मागू राह्यली. मारून द्या अन् चालू करून द्या." पंक्चर काढून द्या म्हणावं तसं. आणि काउंटरमागचा माणूसही तितक्याच सहज राइट क्लिक करतो, फॉरमॅट दाबतो, दोनशे रुपये घेतो. डिस्क चालू होते. गिऱ्हाईक घरी जाऊन उघडतो तेव्हा आत काहीच नसतं. मग भांडण.

माझं मत सरळ आहे. फॉरमॅट हा दुरुस्तीचा प्रकार नाही. डिस्कमध्ये जे आहे ते आता नको, असं ठरल्यानंतर करायची ती गोष्ट आहे. हे ठरवायचा अधिकार ज्याचा डेटा आहे त्याचा. दुकानदाराचा नाही आणि विंडोजचा तर नाहीच नाही.

आपल्या जिल्ह्यात ४ टीबी, ५ टीबीच्या डिस्का कोणाकडे आहेत ते पाहा, म्हणजे विषय किती गंभीर आहे ते कळेल. पहिला नंबर लग्नाच्या फोटोग्राफरचा. तुळशीचं लग्न लागलं की चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, मलकापूर, कुठेही जा, सगळे स्टुडिओवाले रात्रंदिवस पळतात. साध्या १०० एमबीपीएसच्या ४के शूटिंगला तासाला ४५ जीबी लागतात. दोन कॅमेरे, एक ड्रोन, हळद-लग्न-बिदाई मिळून एका लग्नाचा डेटा अर्ध्या टीबीच्या घरात सहज जातो. कार्ड रिकामं करायचं असतं कारण उद्या दुसरी ऑर्डर आहे. म्हणजे त्या लग्नाची एकमेव प्रत त्या काळ्या डबीत. अल्बम द्यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर नवरीचे वडील, आजी, सगळे त्या डबीत बंद. ते लग्न परत लावता येत नाही.

दुसरा नंबर कर सल्लागार आणि टॅलीवाल्यांचा. खामगावच्या चांदीवाल्यांपासून अडतीपर्यंत आणि कृषी केंद्रापर्यंत सगळ्यांचे हिशेब एका माणसाच्या एका डिस्कवर. आणि हे फक्त सोयीचं प्रकरण नाही, कायद्याचं आहे. सीजीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे २०२३-२४ चे हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. आणि नियम ५७ म्हणतो की हिशेब कॉम्प्युटरवर ठेवत असाल तर त्याचा असा बॅकअप ठेवा की अपघातात रेकॉर्ड नष्ट झालं तरी वाजवी वेळेत परत उभं करता येईल. हा नियम किती जणांना ठाऊक आहे, हे मी ट्रेनिंगच्या प्रत्येक बॅचला विचारतो. हात वर येत नाहीत.

तर आता मूळ मुद्द्याकडे.

विंडोज नेमकं काय म्हणतं

डिस्क लावली की खिडकी येते: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? खाली दोन बटणं, फॉरमॅट आणि कॅन्सल. आपण समजतो डिस्क खराब झाली. खरं तर विंडोज एवढंच सांगतंय की "मला हे वाचता येत नाही." वाचता न येण्याची कारणं दहा असू शकतात आणि त्यातली काही अशी आहेत की डिस्क ठणठणीत असते.

उदाहरण घ्या. आपले बरेच फोटोग्राफर एडिटिंगसाठी काम बाहेर पाठवतात, अकोला, नागपूर, पुण्याला. तिकडे एडिटर मॅकवर बसलेला असतो. त्याने डिस्क मॅकच्या पद्धतीने तयार करून त्यात तुमचा फायनल व्हिडिओ टाकून पाठवला. तुम्ही विंडोजला लावली, विंडोज म्हणालं फॉरमॅट करा. तुम्ही केली. डिस्कही चांगली होती, व्हिडिओही चांगला होता, फक्त भाषा वेगळी होती. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेल्या हार्ड डिस्कचं तेच. डीव्हीआर आपली वेगळीच पद्धत वापरतो, त्यामुळे ती कॉम्प्युटरला लावली की हाच निरोप येतो. दुकानात चोरी झाली, फुटेज काढायला डिस्क आणली, आणि कोणीतरी उत्साहाने फॉरमॅट दाबलं, तर पोलिसांना काय दाखवणार?

म्हणून ती खिडकी आली की कॅन्सल. प्रत्येक वेळी. अशीच दुसरी खिडकी डिस्क मॅनेजमेंटमध्ये येते, 'इनिशियलाइज डिस्क' म्हणून. नव्या कोऱ्या डिस्कला ती बरोबर आहे. जुन्या, डेटा असलेल्या डिस्कला ती आली तर तिथेही कॅन्सल, कारण ओके केलं की पार्टिशनच्या नोंदीवर नवी नोंद लिहिली जाते.

आता फॉरमॅटमध्ये आत काय होतं ते. आपल्या बाजार समितीच्या गोदामाचा विचार करा. आत सोयाबीनची पोती थप्प्या लावून आहेत आणि दारावर एक नोंदवही आहे, कोणाची पोती कोणत्या थप्पीत. क्विक फॉरमॅट म्हणजे ती नोंदवही फेकून नवी कोरी वही आणून ठेवणं. पोती तिथेच आहेत, पण वहीप्रमाणे गोदाम रिकामं. अशा वेळी टेस्टडिस्क, फोटोरेकसारखी मोफत सॉफ्टवेअर थप्प्या मोजून बराच माल परत ओळखून देतात. पण त्या 'रिकाम्या' गोदामात तुम्ही नवा माल टाकायला लागलात तर जुनी पोती गेली.

फुल फॉरमॅट वेगळा. विंडोज एक्सपीच्या काळात फुल फॉरमॅट फक्त खराब जागा तपासायचा. व्हिस्टापासून पुढे तो पूर्ण डिस्कवर शून्य लिहितो. म्हणजे गोदाम रिकामं करून, झाडून, धुऊन काढलं. त्यानंतर कोणतीही लॅब काही देऊ शकत नाही. जुन्या माहितीवर चालणारे काही जण अजून सांगतात, "फुल फॉरमॅट मारा, रिकव्हरी नंतर करू." त्यांचं ऐकू नका.

आणि एक नवीन भानगड, जी आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. एसएसडीमध्ये क्विक फॉरमॅटनंतरही डेटा जाऊ शकतो, कारण विंडोज ड्राइव्हला 'ट्रिम' नावाचा निरोप पाठवतं की ही जागा आता मोकळी आहे, आणि ड्राइव्ह ती जागा रिकामी समजायला लागते. हल्लीच्या काही मोठ्या पोर्टेबल हार्ड डिस्कही तशाच वागतात. या डिस्का एसएमआर पद्धतीच्या असतात, म्हणजे घरावरच्या कौलांसारखे डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवलेले, तेवढ्याच जागेत जास्त माल बसावा म्हणून. त्यातल्या काही ट्रिम ऐकतात. तेव्हा "क्विकच तर केलंय, निघेल सगळं" हा भरवसा दहा वर्षांपूर्वी ठीक होता, आता नाही.

आधी केबल, मग बाकी सगळं

डिस्क दिसत नाही, मध्येच गायब होते, कॉपी करताना अडकते, अशी तक्रार आली की मी आधी केबल बदलतो. या डिस्कांना यूएसबी ३ ची ती रुंद, दोन भागांची पिन असते. बाइकच्या डिक्कीत, बॅगेत, चार्जरच्या गुंत्यात वाकून वाकून ती ढिली होते. दुसरं, कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीला लावलेली असते. पुढच्या पोर्टला आतून लांब वायर गेलेली असते, त्यात करंट कमी पडतो. यूएसबी २ चं पोर्ट ठरलेल्या हिशेबाने ५०० मिलीअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. मोठी डिस्क चालू होताना त्यापेक्षा कमीत भागत नाही. मागच्या निळ्या पोर्टला थेट लावा, हबमधून नको. वेगळा अॅडॅप्टर लागणारी मोठी ३.५ इंची डिस्क असेल तर अॅडॅप्टरही तपासा.

मग दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहा. मग डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे डिस्क पूर्ण साइजची दिसते, पार्टिशनही बरोबर आहे, फक्त ड्राइव्हचं अक्षर नाही, असं असेल तर अक्षर द्या, काम संपलं. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि यासाठी लोकांच्या डिस्का फॉरमॅट झालेल्या मी पाहिल्या आहेत. 'रॉ' दिसत असेल तर नोंदवही बिघडली आहे, माल बहुतेक शाबूत आहे. आणि साइजच दिसत नाही, 'नो मीडिया' लिहून येतं, तर बिघाड आतला आहे. ती डिस्क फॉरमॅट करायला गेलात तरी होणार नाही.

इथे एक शंका नेहमी येते, तीही मिटवून टाकतो. ४ टीबीची डिस्क ३.६३ टीबीच का दिसते? कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. फसवणूक नाही. १ टीबी म्हणजे विंडोजमध्ये ९३१ जीबी.

त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर लावा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, ती हे वाचून दाखवतं. त्यात तीन ओळी महत्त्वाच्या: ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे किती खराब सेक्टर बदलून राखीव जागा वापरली. सी५ म्हणजे किती सेक्टर वाचताना अडखळत आहेत आणि निकाल लागायचा आहे. सी६ म्हणजे जे वाचताच आले नाहीत. रॉ व्हॅल्यूमध्ये शून्य असेल तर उत्तम. सी५ वाढत चालला असेल तर डिस्क हातातून जात आहे, फॉरमॅटने ती परत येणार नाही. सी७ वाढत असेल तर पुन्हा केबलकडे बघा.

डिस्कमधून टक-टक, कर्र असा आवाज येत असेल तर यातलं काहीही करू नका. वायर काढा. आत प्लेटच्या वर हेड फिरतं ते काही नॅनोमीटर अंतरावरून, केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी. हेड टेकलं असेल तर प्रत्येक मिनिटाला प्लेट खरवडली जाते. फ्रीजरमध्ये ठेवा, वरून टपली मारा, उघडून फुंकर मारा, हे जे इंटरनेटवर सांगतात ते सगळं बाद. फ्रीजमधून काढल्यावर आत दव धरतं. अशी डिस्क लॅबलाच जाते, आणि लॅब आपल्या जिल्ह्यात नाही, नागपूर-पुणे-मुंबई करावं लागतं. खर्च दहा-वीस हजारांत जाऊ शकतो हे गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं. तो परवडत नसेल तर नसेल, पण बंद ठेवलेली डिस्क सहा महिन्यांनीही पाठवता येते. खरवडलेली नाही.

आता चेकडिस्कबद्दल. एरर चेकिंग किंवा चेकडिस्क चालवा, असं प्रत्येक जण सांगतो. मी नाही सांगत, निदान पहिली पायरी म्हणून नाही. डिस्कची तब्येत चांगली असेल, लाईट गेल्यामुळे फक्त नोंदी विस्कटल्या असतील, तर चेकडिस्क छान काम करतं. पण सी५ वाढलेल्या डिस्कवर ते चालवलं तर मरणाऱ्या माणसाला डोंगर चढायला लावल्यासारखं आहे. आणि ते डेटा वाचवायला बनलेलंच नाही. नोंदवही एकसारखी दिसावी म्हणून जे जुळत नाही ते तोडून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतं. लग्नाचे व्हिडिओ मग तुकड्यांत मिळतात. आधी जेवढं निघतं तेवढं दुसऱ्या डिस्कवर काढा. अडखळणाऱ्या डिस्कसाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू आहे, मोफत आहे, आधी सोपा भाग उचलतं आणि अवघड भागाकडे शेवटी येतं. प्रत झाली की मग त्या प्रतीवर जे प्रयोग करायचे ते करा.

एक इशारा दुकानदारांना. "डबी फोडून डिस्क सरळ साटाला लावू" हा आपला आवडता उपाय. पोर्टेबल डिस्कांमध्ये तो आता नेहमी चालत नाही. काहींमध्ये साटाची पिनच नसते, यूएसबीच बोर्डवर जोडलेलं असतं. काहींमध्ये पासवर्ड लावलेला नसतानाही डेटा बोर्डावरच्या चिपमधून कूट होऊन लिहिला जातो. बोर्ड बदललं की समोर नुसता कचरा दिसतो, आणि विंडोज पुन्हा म्हणतं, फॉरमॅट करा.

नवी डिस्क असेल तर खुशाल करा

नव्या डिस्कचं फॉरमॅट मात्र विचार करून एकदाच करा. २ टीबीच्या वरची असेल तर जीपीटी निवडा. एमबीआर ही जुनी पद्धत, तिच्यात नोंदीसाठी ३२ बिट आहेत, ५१२ बाइटच्या सेक्टरने ती २.२ टीबीच्या पुढे मोजूच शकत नाही. ४ टीबीची डिस्क अर्धीच दिसते, अशी तक्रार आली की बहुतेक वेळा हेच निघतं.

मग फाइल सिस्टीम. फॅट३२ विसरा, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, म्हणजे लग्नाचा एक व्हिडिओही नाही. राहिले एक्सफॅट आणि एनटीएफएस. मॅकवाल्या एडिटरशी देवाणघेवाण असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. बाकी सगळ्यांना मी एनटीएफएस सांगतो, आणि त्याचं कारण आपली लाईट आहे. एनटीएफएस प्रत्येक बदलाआधी एक कच्ची नोंद ठेवतं, त्यामुळे कॉपी चालू असताना लाईट गेली तर ते सावरून घेतं. एक्सफॅटमध्ये ती कच्ची नोंद नाही. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा लाईट जाणाऱ्या गावात डेस्कटॉपला एक्सफॅटची डिस्क लावून, इन्व्हर्टर किंवा यूपीएसशिवाय काम करणं हा जुगार आहे.

टॅलीवाल्यांसाठी अजून एक. एक्सफॅट मोठ्या डिस्कवर आपोआप १२८ केबीचा कप्पा धरतं. टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये बारीक बारीक फायली पुष्कळ. ५ केबीची फाइलही १२८ केबीची जागा अडवते. बॅकअप फुगलेला दिसतो तो त्यामुळे. एनटीएफएसचा कप्पा ४ केबीचा.

नवी डिस्क ऑनलाइन घेतली असेल तर फॉरमॅटच्याही आधी ती खरी आहे का ते पाहा. दोन-तीन हजारांत '१६ टीबी एसएसडी' विकणाऱ्या जाहिराती सगळ्यांना दिसल्या असतील. उघडून पाहिलं तर आत मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं, आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. ते विंडोजला १६ टीबी सांगतं, फॉरमॅटही होतं, कॉपीही झाल्यासारखी दिसते. जागा संपली की नवा डेटा जुन्यावर लिहिला जातो किंवा हवेत जातो. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते पूर्ण डिस्क भरून परत वाचून बघतं. मोठ्या डिस्कला दिवस जातो. जाऊ द्या.

पैशाचं बोलू

आता आपल्या धंद्याचं. बीबीएला कॉस्टिंग शिकताना सर सांगायचे, वेळ ही वस्तू आहे, तिची किंमत लावली नाही तर ती फुकट जाते. रिपेअरिंगच्या दुकानात नेमकं हेच होतं. फॉरमॅटला पाच मिनिटं लागतात आणि दोनशे मिळतात. ४ टीबीची डिस्क सेकंदाला ११० एमबीच्या चांगल्या वेगानेही कॉपी केली तर १० तास जातात, यूएसबी २ ला लावली तर ३१ तासांच्या वर. त्या कामाचे पैसे मागायला आपण लाजतो, म्हणून ते करतच नाही, आणि सोपं काम 'दुरुस्ती' म्हणून विकतो.

लाजू नका. डेटा तपासणीचा वेगळा दर लावा आणि फलकावर लिहा. तपासणी, कॉपी, रिकव्हरी आणि फॉरमॅट ही चार वेगळी कामं आहेत, चार वेगळे दर. गिऱ्हाइकाची दुसरी डिस्क लागेल ती त्याने आणायची किंवा विकत घ्यायची. तुमचीही एक विक्री होते, त्यात गैर काही नाही.

यावर आपले व्यावसायिक मित्र म्हणतात, गिऱ्हाईक पळून जातं, समोरच्या दुकानात शंभरात करून घेतं. जातं, खरं आहे. माझ्याकडूनही जातात. पण ज्याचा डेटा वाचला तो फोटोग्राफर तालुक्यातल्या बाकी फोटोग्राफरना सांगतो. त्यांची संघटना, त्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप किती घट्ट असतात ते ठाऊक आहेच तुम्हाला. ज्याचा गेला, तोही सांगतो.

गिऱ्हाइकांची बाजूही सोडत नाही. अमेरिकेत बॅकब्लेझ नावाची कंपनी आहे, लाखो हार्ड डिस्का चालवते आणि किती बिघडल्या ते दर वर्षी जाहीर करते. २०२४ चा आकडा होता १.५७ टक्के. म्हणजे एसीमध्ये, एका जागी न हलता बसलेल्या डिस्काही वर्षाला शंभरात दीड जातात. आपली डिस्क लोणार ते शेगाव बाइकवर हिंडते, आणि मे महिन्यात मलकापूरच्या उन्हात उभ्या गाडीत राहते. बऱ्याच पोर्टेबल डिस्कांच्या माहितीपत्रकात चालू असतानाचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. आपल्याकडे पंख्याखालीही ३५ च्या वर असतं. ती कधी जाईल हे भेंडवळच्या घटमांडणीतूनही कळायचं नाही. तेव्हा दोन डिस्का घ्या. ४ टीबीची एक घेण्याऐवजी २ टीबीच्या दोन घेतल्या तरी चालेल, आणि दोन्ही एकाच बॅगेत ठेवू नका. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी, हा जो नियम जगभर सांगतात तो पीटर क्रोग नावाच्या एका फोटोग्राफरच्या नावाने ओळखला जातो. कॉम्प्युटर इंजिनिअरच्या नाही. फोटोवाल्यांनी हे लक्षात घ्या.

टॅलीवाल्यांनी तारीख पाठ करून ठेवावी, ३१ मार्च. जगात हा दिवस बॅकअप दिवस म्हणून पाळतात आणि आपलं आर्थिक वर्षही त्याच दिवशी संपतं. त्या दिवशी अख्ख्या वर्षाचा डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा की खरंच उघडतो का. न उघडून पाहिलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

माझ्या पावतीवर डिस्क जमा करताना तीन ओळी छापलेल्या आहेत. डेटा पाहिजे की नको, सही. शेवटचं काय झालं होतं: पडली, लाईट गेली, पाणी गेलं, की आपोआप. आणि याआधी कोणी फॉरमॅट, चेकडिस्क किंवा रिकव्हरी करून पाहिली का. तिसऱ्या ओळीवर लोक खोटं बोलतात, त्यांना वाटतं भाऊ रागावेल. रागवत नाही, पण त्या एका उत्तरावर पुढचं सगळं ठरतं, म्हणून खरं सांगा. दुकानदार भावांना पावतीचा नमुना पाहिजे असेल तर येऊन घेऊन जा, बिनधास्त छापा. आणि डिस्क दाखवायला येणार असाल तर तिची केबल सोबत आणा, नुसती डबी आणू नका.